जगत्तुंगसमुद्राच्या कांठचें कंधार

महोत्सवाच्या स्मरणिकेंत धर्मग्रामाच्या स्थापनेचा, मंदिराच्या बांधकामाचा व येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचा वृत्तान्त यावा, ही रीत योग्यच आहे. आम्ही येथें त्याच्या जोडीस दुसरा एक विषय घेत आहों. ज्या भूमीवर आपण राहतों, जिचें पाणी पितों व जिच्या मातींत आपले वाडवडील निजले आहेत, तिची ओळख करून घेणें हेंहि आपलें कर्तव्य आहे. मुखेडच्या वायव्येस, शेजारच्याच तालुक्यांत, कंधार नांवाचें एक प्राचीन नगर तळ्याच्या कांठीं वसलेलें आहे. त्याचा भूगोल, त्याचा इतिहास व त्याची लोकवस्ती यांचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण पाणी आणि माणूस यांचा संबंध कसा असतो, हें आपल्या डोंगराळ मुलुखांत या गांवाइतकें स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतें.

स्थान व भूमि

कंधार हें नांदेड जिल्ह्यांतील तालुक्याचें ठाणें होय. नांदेड गोदावरीच्या तीरावर आहे. तेथून दक्षिणेकडे निघालें म्हणजे नदीकांठची सपाटी मागें पडते व बालाघाटाच्या रांगांचे फांटे लागतात. याच रांगांत कंधार, मुखेड, लोहा, व लातूर जिल्ह्यांतील अहमदपूर, हे तालुके पसरलेले आहेत. या भागांतील मुख्य नदी मन्याड. ती बालाघाटाच्या डोंगरांत उगम पावून कंधाराजवळून वाहते व पुढें मांजरेस मिळते. मुखेडच्या बाजूची लेंडी नदीहि मांजरेचीच उपनदी. मांजरा हें सर्व पाणी घेऊन तेलंगणांत कंदकुर्ती येथें गोदावरीच्या स्वाधीन करिते. म्हणजे आपल्या घरावरून वाहिलेला थेंब सरतेशेवटीं बंगालच्या उपसागरांत जातो, तो आपल्यापाशीं मुक्काम करीत नाहीं.

याचें एक कारण भूमीच्या घडणींत आहे. येथील खडक काळ्या पाषाणाचा असून सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या ज्वालामुखींच्या लाव्ह्यापासून तो झालेला आहे. या पाषाणाच्या पोटांत पाणी फारसें मुरत नाहीं. वरच्या झिजलेल्या थरांत व खडकाच्या फटींत जेवढें मावेल तेवढेंच राहतें. ओढ्याकांठच्या खोल काळ्या जमिनींत ओल टिकते. माळावरील बरड व मुरमाड जमीन मात्र पाऊस थांबतांच कोरडी पडते. ज्वारी, कापूस, तूर, मूग, उडीद आणि अलीकडे सोयाबीन हीं येथील पिकें. या भूमीनें एक उत्तम पशुहि घडविला आहे. लाल कंधारी या नांवानें देशभर मान्यता पावलेली गाईबैलांची जात ती हीच. गडद तांबडा रंग, आटोपशीर बांधा, आणि कमी चारापाण्यावर उन्हांत काम करण्याची शक्ति, हे तिचे गुण होत. कंधार व मुखेड हे तिचे माहेर.

पाऊस व त्याचा हिशेब

नांदेड जिल्ह्यांत वर्षाकांठीं सरासरीनें सुमारें ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. ‘पाऊसच नाहीं’ हें वाक्य आपल्याकडे नेहमीं ऐकूं येतें. दुष्काळी वर्षांत तें खरेंहि असतें. परंतु सरासरी वर्षाचा हिशेब करून पाहावा. एक हेक्टर जमिनीवर ९०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे ९० लाख लिटर पाणी उतरतें. कंधारएवढ्या, सुमारें २५ हजार वस्तीच्या नगरास माणशीं रोज १३५ लिटर पाणी द्यावयाचें म्हटलें, तर वर्षाला सुमारें १२३ कोटि लिटर लागेल. आणि तेवढा पाऊस अवघ्या १३७ हेक्टर भूमीवर पडतो. त्यांतील कांहीं भाग मातींत मुरेल, कांहीं उन्हानें उडून जाईल, थोडाच वाहून तळ्यांत येईल, हें आम्ही जाणतों. क्षेत्र पांचपट किंवा दहापट धरावें लागलें, तरी तें गांवाच्या शिवाराबाहेर फारसें जाणार नाहीं. तेव्हां सरासरी वर्षांत खरी अडचण आहे ती पाणी अडविण्याची. ही गोष्ट हजार वर्षांपूर्वीं कोणाला तरी समजली होती, म्हणूनच कंधार झालें.

तळें

इ. स. ७५३ पासून ९७३ पर्यंत दख्खनेवर राष्ट्रकूटांचें राज्य होतें. वेरूळचें कैलास लेणें त्यांच्याच काळांतील. त्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकांतील मळखेड. या घराण्याचे राजे आपणांस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत; हें लट्टलूर म्हणजे आपलें लातूर होय, असें विद्वान मानितात. पुढें तिसऱ्या कृष्णाच्या नांवामागें ‘कंधारपुरवराधीश्वर’ हें बिरुद लागलें. याचें राज्य इ. स. ९३९ ते ९६७. ज्या दोन गांवांच्या नांवांनीं एवढें मोठें राजघराणें आपला अभिमान मिरवीत असे, तीं दोन्ही गांवें आपल्या शेजारचीं आहेत, ही गोष्ट आपल्या मुलांस पाठशाळेंत क्वचितच सांगितली जाते.

कंधार येथें सांपडलेल्या संस्कृत शिलालेखांत या नगरींतील मंदिरांचे व दानांचे उल्लेख आहेत, आणि त्यांतच ‘जगत्तुंगसमुद्र’ या तळ्याचें नांव आहे. जगत्तुंग ही राष्ट्रकूट राजांची पदवी. तिसरा गोविंद याने ती धारण केली होती. तळ्यास समुद्र म्हणावें, ही त्या काळची चाल. मोठ्या जलाशयास सागर किंवा समुद्र म्हणून गौरविलें जाई. आजहि लोक त्यास जगत्तुंग सागर म्हणतात. राजा गेला, राजधानी ओस पडली, लिपि कोणास वाचतां येईनाशी झाली, तरी तळ्याचें नांव तळ्याबरोबर राहिलें.

त्या काळच्या वैभवाची आणखी एक खूण येथें आहे. क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे पाषाणखंड कंधारांत सांपडले आहेत. पायांच्या व हातांच्या तुकड्यांवरून अखंड मूर्ति पन्नास फुटांच्या आसपास किंवा त्याहूनहि उंच असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. एवढें काम करणारे पाथरवट, त्यांचे मजूर, त्यांस अन्न पुरविणारे शेतकरी व त्या सर्वांस पुरेल इतकें पाणी ज्या गांवांत होतें, तें गांव लहान नव्हतें.

मातीचा बांध, त्यावर दगडांचा थर, जादा पाणी निघून जाण्यास सांडवा आणि शेतास पाणी सोडण्यास मोरी, इतकीच अशा तळ्यांची रचना असते. तें बांधण्यास राजा लागतो; परंतु तें राखण्यास गांव लागतें. दरवर्षीं पाण्याबरोबर गाळ येतो. तो काढला नाहीं तर तळें वरून पूर्ववत् दिसत असतां आंतून भरून येतें.

पवित्र ग्रंथाच्या वाचकांस सरोवरकांठचें गांव म्हटलें म्हणजे गालील सरोवर व कफर्णहूम यांची आठवण होणारच. तें सरोवर सुमारें २१ किलोमीटर लांब व १३ किलोमीटर रुंद असून समुद्रसपाटीच्या दोनशें मीटरांहून अधिक खालीं आहे. तेथें निसर्गानें खोल भूमि केली, यार्देन नदीनें ती भरली, आणि मग कोळ्यांनीं कांठावर घरें बांधलीं. कंधारची गोष्ट याच्या उलट आहे. येथें सरोवर मनुष्याच्या हातचें आहे. जें देवानें केलें तें राखण्याचें ओझें मनुष्यावर थोडें असतें; जें मनुष्यानें केलें त्याची राखण मात्र त्यालाच पिढ्यान्‌पिढ्या करावी लागते.

किल्ला व राज्यें

तळ्यानें गांव वसविलें, आणि गांव संपन्न झाल्यावर त्यास तटबंदी आली. कंधारचा किल्ला भुईकोट आहे. भोंवतीं रुंद खंदक व दुहेरी तट आहेत. बहामनी सुलतान, त्यांच्यामागून अहमदनगरची निजामशाही, असे त्याचे धनी बदलत गेले. मलिक अंबराच्या काळीं हा निजामशाहीचा पूर्वेकडील भक्कम आधार होता. १६३१ मध्यें शहाजहान बादशहाचा सरदार नासिरी खान याने वेढा घालून तो घेतला. फारसी लिपींत अफगाणिस्तानांतील कंदाहार व आपलें कंधार हीं नांवें सारखींच लिहिलीं जात. त्यामुळें परदेशीं या वेढ्याचें चित्र पाहणारा पुष्कळदां फसतो. बादशहानाम्याची जी सचित्र प्रत इंग्लंडांत विंडसर येथील राजग्रंथालयांत आहे, तींत पयाग या चित्रकारानें काढलेलें १६३१ चें वेढ्याचें चित्र आपल्या दख्खनी कंधारचें आहे.

१७२४ पासून आसफजाही निजामांचा अंमल सुरू झाला. तो १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संपला. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला व १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत. इतक्या राजवटी झाल्या, परंतु प्रत्येकीस या ठिकाणीं ठाणें ठेवावेंसें वाटलें.

लोकवस्ती

ठाण्यामुळें नाना प्रकारचे लोक येथें आले व राहिले. मराठा, लिंगायत, धनगर, कोळी, महार, मांग, वाणी, साळी, मुसलमान अशी वस्ती झाली. भोंवतालच्या माळांवर बंजाऱ्यांचे तांडे बसले. हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या दर्ग्यावर सर्व जातींचे लोक जातात. जवळच माळेगांवीं खंडोबाची मोठी यात्रा भरते. बाजारांत मराठीबरोबर उर्दू चालते, तांड्यांत गोरमाटी बोलली जाते, आणि मुखेड व देगलूरकडे सरकलें म्हणजे तेलुगु व कानडीहि कानीं पडते. अलीकडच्या काळांत तालुक्याच्या कचेऱ्या, आठवडी बाजार व शाळा-महाविद्यालयें यांनीं वस्ती वाढविली. मन्याड खोऱ्याचे पुढारी भाई केशवराव धोंडगे यांनीं कंधारांत शिक्षणसंस्था उभी केल्यामुळें खेड्यापाड्यांतील मुलांस येथें शिकतां आलें. शंभर वर्षांचें वय ओलांडून ते १ जानेवारी २०२३ रोजीं निवर्तले.

माणसें मोजण्याचें काम निजामाच्या राज्यांत १८८१ सालीं प्रथम झालें. त्यास मर्दुमशुमारी म्हणत. ते आंकडे वाचतांना दुष्काळाचा इतिहासच वाचल्यासारखें होतें. १८९१ मध्यें हैदराबाद राज्याची लोकसंख्या १ कोटि १५ लाख होती. १९०१ मध्यें ती १ कोटि ११ लाखांवर उतरली. मधल्या काळांत १८९७ चा व १८९९–१९०० चा असे दोन दुष्काळ झाले होते. १९११ मध्यें ती वाढून १ कोटि ३३ लाख झाली, आणि १९२१ मध्यें पुन्हां १ कोटि २४ लाखांवर आली. कारण १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या सांथीनें व त्या सुमाराच्या अवर्षणानें माणसें नेलीं. ज्या दशकांत पाऊस व आरोग्य यांनीं साथ दिली त्यांत वस्ती वाढली, ज्यांत दिली नाहीं त्यांत ती घटली.

त्यानंतर असे भयंकर मृत्यु थांबले. १९७२ चा दुष्काळ मोठा होता, परंतु सरकारी कामांवर मजुरी मिळाल्यानें लोक तगले. २००१ मध्यें नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या २८,७६,२५९ होती, ती २०११ मध्यें ३३,६१,२९२ झाली. कंधार नगराची वस्ती त्याच दहा वर्षांत वीस हजारांच्या घरांतून पंचवीस हजारांच्या जवळ गेली. जुन्या दुष्काळांत माणूस मरत असे. आतां तो मरत नाहीं, तो उठून जातो.

रिकामे उंबरे

दसरा झाला म्हणजे आपल्या डोंगरपट्ट्यांत मुकादमांच्या फेऱ्या सुरू होतात. उचल आधींच घेतलेली असते. दिवाळीच्या आगेमागें टोळ्या भरून ट्रक निघतात, ते पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे. नवराबायकोच्या जोडीस तेथें ‘कोयता’ म्हणतात. हत्याराचें नांव माणसांस लागतें, यावरूनच त्यांच्या स्थितीची कल्पना यावी. कोणी पुण्यास, कोणी हैदराबादेस बांधकामावर जातात. ज्यानें माघ महिन्यांत या भागांत घरभेटी केल्या असतील, त्यास कुलुपें, म्हातारींकोतारीं व त्यांच्यापाशीं ठेवलेलीं लेंकरें हींच आढळतात. पोरांची शाळा बुडते ती बुडतेच. पाडव्याच्या सुमारास टोळ्या परततात, तेव्हां विहिरींचा तळ दिसूं लागलेला असतो.

येथें एक गोष्ट आमच्या वाचकांच्या लक्षांत आणून द्यावयाची आहे. आपल्या देशाची शिरगणती फेब्रुवारींत होत आली. २०११ मध्यें ती ९ ते २८ फेब्रुवारी अशी झाली. जो मनुष्य त्या संपूर्ण अवधींत घरीं नसतो, त्याची मोजणी जेथें तो सांपडेल तेथें करावी, असा नियम आहे. ऊसतोडीचा हंगाम नेमका तेव्हां भरांत असतो. म्हणून आमच्या तांड्यांतील पुष्कळ माणसें दुसऱ्या जिल्ह्याच्या आंकड्यांत जातात. आणि उसाच्या फडांतील खोपटापर्यंत मोजणारा पोहोंचला नाहीं, तर तीं कोणत्याच आंकड्यांत येत नाहींत. शिधा, शिक्षक, दवाखाना व पाण्याची योजना, हें सर्व आंकड्यांवर ठरतें. २०२१ ची शिरगणती झालीच नाहीं. पुढील शिरगणतीसाठीं १ मार्च २०२७ ही तिथि जाहीर झालेली आहे. ती तिथिहि हंगामांतच येते.

पाण्याची दुसरी बाजू

तेव्हां उपाय तळीं व धरणें बांधण्याचा, असें कोणी म्हणेल. तें खरें, परंतु त्यालाहि दुसरी बाजू आहे. मन्याडवर बारूळ येथें धरण झालें व खालच्या भागास पाणी मिळालें. लेंडीवर मुखेड तालुक्यांत गोणेगांव येथें महाराष्ट्र व तेलंगण यांचा संयुक्त प्रकल्प अनेक दशकें रेंगाळत राहिला, आणि ज्यांच्या जमिनी व घरें त्यांत जाणार त्यांचें पुनर्वसनहि त्याबरोबर रेंगाळलें. २०२५ च्या ऑगस्टांत, १७ व १८ तारखांच्या सुमारास, मुखेड तालुक्यांत अतिवृष्टि झाली. हसनाळ, रावणगांव इत्यादि गांवें रात्रींतून पाण्यानें वेढलीं गेलीं. माणसें व जनावरें दगावलीं. मदतीस सैन्य बोलवावें लागलें. तें दुःख आपल्या वाचकांपैकीं कित्येकांनीं जवळून पाहिलेलें आहे, त्याचें वर्णन आम्ही करीत नाहीं. इतकेंच म्हणतों कीं, जलाशयाचा लाभ ज्यांस होणार त्यांची मोजणी जितक्या काळजीनें केली जाते, तितक्याच काळजीनें त्यांत घर गमावणाऱ्यांचीहि व्हावी, आणि पाणी चढण्याच्या आधीं व्हावी.

पाणी नसलें तर काय होतें, तेंहि आपण पाहिलें आहे. २०१६ च्या एप्रिलांत लातूर नगरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. ज्या नगराचें नांव राष्ट्रकूट राजे आपल्या बिरुदांत मिरवीत, त्याची ही दशा झाली.

आपलें काम

वाचकहो, इतिहास वाचून केवळ अभिमान धरणें सोपें आहे. आमच्या मतें कंधारच्या इतिहासापासून दोन कामें आपणांकडे येतात.

पहिलें काम पाण्याचें. २०१७ पासून राज्यांत तलावांतील गाळ काढून शेतांत पसरण्याची योजना आहे; आपल्या गांवचा पाझर तलाव त्यांत आहे कीं नाहीं, हें ग्रामसभेंत उठून विचारावें. माळावरच्या बरड जमिनीस तोच गाळ सोन्यासारखा आहे. घरच्या छपराचाहि विचार करावा. दोनशें चौरस मीटर छपरावर सरासरी वर्षांत १ लाख ८० हजार लिटर पाऊस पडतो. मंदिराचें व शाळेचें छप्पर याहून लहान नसतें. तेथलें पाणी पन्हळीनें विहिरींत सोडण्यास राजाची गरज नाहीं.

दुसरें काम माणसांचें. जें कुटुंब हंगामास बाहेर जातें त्याची, लेंकरासुद्धां, यादी गांवांतच लिहून ठेवावी. कोणत्या कारखान्याच्या फडावर तें आहे तें टिपावें. आणि १ मार्च २०२७ पूर्वीं त्यास निरोप धाडावा कीं, मोजणारा आला तर नांव सांगा, न आला तर स्वतः चौकशी करा. मागें राहिलेल्या लेंकरांस कोणाच्या तरी घरीं वेळेवर जेवण मिळतें कीं नाहीं व तीं शाळेंत जातात कीं नाहीं, हें पाहणें तर आपल्या दारचेंच काम आहे. त्यास कोणत्याहि कचेरीचा हुकूम लागत नाहीं.

जगत्तुंगसमुद्र खणणाऱ्या मजुरांचीं नांवें कोणत्याहि शिलालेखांत नाहींत. तेहि बहुधा असेच, पोटासाठीं दुसऱ्याच्या कामावर आलेले लोक असतील. त्यांनीं केलेल्या तळ्यामुळें एक नगर हजार वर्षें आपल्या जागीं राहिलें. आपल्या लोकांसहि आपल्या गांवीं राहतां यावें, एवढी इच्छा प्रकट करून आम्ही हा लेख पुरा करितों.